रुळांवरून उठल्यावर पुढे काय? (बदलापूर, देसाईगंज आणि मधली पन्नास वर्षं)

उल्हासकाठ (धागाकर्ती)

२० ऑगस्ट २०२४. आदल्या दिवशी राखीपौर्णिमा झालेली, लाडक्या बहिणीचे पहिले पैसे नुकतेच खात्यात पडलेले, आणि बदलापूर स्टेशनात सकाळी दहापासून लोक रुळांवर. गावातल्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर तिथल्याच सफाई कामगाराने लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार होती. संध्याकाळी पोलिसांनी लाठ्या चालवून रूळ मोकळे करेपर्यंत आमच्याकडची लोकल बंद होती. रेल रोको बरोबर की चूक यावर इथे तेव्हाच धागे निघून भरपूर भांडणं झाली आहेत, ती परत नकोत.

मला वेगळं विचारायचंय. त्या गर्दीला नेमकं काय हवं होतं, आणि मिळालं काय?

मी सकाळी शाळेच्या गेटपाशी होते. तिथे बहुतेक बायका. कुणी डबा-दप्तर सोडून आलेली, कुणी कडेवर धाकटं घेऊन. त्यांचे प्रश्न फार साधे होते. चार वर्षांच्या मुलींना शौचालयात न्यायला बाई का नव्हती? कॅमेरे बंद का होते? पालक तक्रार घेऊन गेले तर शाळेने हात का झटकले? आणि १६ तारखेला पोलीस ठाण्यात गेलेल्या आईबापांना गुन्हा नोंदवून घ्यायला तासन् तास का बसवून ठेवलं? चौथा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येत होता.

स्टेशनात पोचेपर्यंत गर्दी वाढली, पुरुष वाढले आणि प्रश्न आटत आटत एकाच घोषणेवर आले : फाशी द्या. कुणीतरी दोरखंडाचा फासच घेऊन आलं होतं. मंत्री गिरीश महाजन समजवायला आले तेव्हा त्यांनाही तेच ऐकावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच आठवड्यात स्वतःहून दखल घेतली, एसआयटी (विशेष तपास पथक) बसली, पोलिसांवर कारवाई झाली. गर्दीशिवाय हे इतक्या झटपट झालं नसतं, हे मी मान्य करते.

पण २३ सप्टेंबरला मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत आरोपी गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले. ‘बदला पुरा’ असे फलक लागले. आणि गेटपाशी विचारलेल्या प्रश्नांचं काय झालं, हे आता कुणी विचारत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल आला, त्यात त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. त्यानंतरची सगळी चर्चा चकमक खरी की खोटी यावर. मुली चर्चेतून गेल्याच.

मोर्चे काढावेत की नाही हा माझा प्रश्नच नाही, काढावेतच. मोर्चाची मागणी कोण ठरवतं आणि ती वाटेत बदलते कशी, यावर बोलूया का?

---

कर्जत_फास्ट

मी त्या दिवशी वांगणीत अडकलो होतो, एक दिवसाचा खाडा पडला. तरी सांगतो, राग आला नाही. अर्ज-विनंत्या करून ठाणे अंमलदार खुर्चीतून उठतो का? आधीचे चार दिवस लोक अर्ज-विनंत्याच करत होते की. रूळ अडवले तेव्हा मंत्रालयाला बदलापूर नकाशावर कुठे आहे ते कळलं.

आणि नंतर ‘बाहेरून आणलेली माणसं’, ‘राजकीय हेतूने’ वगैरे जे बोललं गेलं ना, त्याने जास्त संताप झाला. आमच्या डब्यातली निम्मी माणसं होती तिथे. रोज बघतो त्यांना.

---

काळा कोट

धागाकर्तीने गेटपाशी ऐकलेल्या चौथ्या प्रश्नावर थोडं लिहितो, कारण त्याचं उत्तर कायद्यात आधीपासून आहे.

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर (निर्भया प्रकरण) जी आंदोलनं झाली, त्यातून न्या. वर्मा समिती आली. समितीने २९ दिवसांत अहवाल दिला, २३ जानेवारी २०१३ ला. त्यानंतरच्या दुरुस्तीत भादंविमध्ये (तेव्हाच्या दंडविधानात) १६६अ कलम आलं : लैंगिक गुन्ह्याची खबर नोंदवून घेत नाही तो पोलीसच गुन्हेगार, किमान सहा महिने सक्तमजुरी. नव्या न्याय संहितेत तेच कलम १९९ झालं. आणि मूल असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, आहेच. जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. माहिती असून कळवलं नाही तर संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत शिक्षा.

म्हणजे इंडिया गेटवर लोकांनी पाण्याचे फवारे झेलले, त्यातून मिळालेलं हत्यार बदलापूरच्या ठाण्यात अकरा वर्षं पडून होतं. त्या रात्री पालकांच्या बाजूने हे कलम म्हणून दाखवणारं तिथे कुणी नव्हतं. आंदोलनातून कायदा मिळतो, त्याची अंमलबजावणी आपोआप मिळत नाही.

दुसरं, लोकांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. पुरावा तपासला जात नाही, साक्ष होत नाही, निकालपत्र लिहिलं जात नाही. त्या मुलींसोबत जे झालं ते सिद्ध झालं असं कोणत्याही न्यायालयाच्या कागदावर त्याच्या नावापुढे कधीच येणार नाही. उरतात ते शाळेचे पदाधिकारी. ते आधी फरार होते, ऑक्टोबरमध्ये सापडले.

---

स्पष्टवक्ता

सगळं वाचलं. पांडित्य छान आहे. तुमच्या घरातली पोर असती तर निकालपत्राची वाट बघितली असती का? दिल्लीच्या केसमध्ये फाशी व्हायला २० मार्च २०२० उजाडला. सात वर्षं! मुंबईतला शक्ती मिलचा सामूहिक बलात्कार, २०१३ ची घटना, सत्र न्यायालयाने २०१४ ला फाशी दिली, उच्च न्यायालयाने २०२१ ला जन्मठेप केली. लोक पेढे वाटतात ते उगाच नाही. कोर्टावर विश्वास उरला नाही म्हणून वाटतात.

---

उल्हासकाठ

स्पष्टवक्ता, घरातली पोर असती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही, कदाचित तुमच्यापेक्षा वाईट काहीतरी. पण म्हणूनच तर तो निर्णय मुलीच्या आईवर किंवा माझ्यावर सोडत नाहीत ना? आणि सात वर्षं लागली हा तुमचा मुद्दा खराच आहे. मग मोर्चात ‘सात वर्षं का लागतात’ अशी घोषणा का होत नाही?

---

वडसावाला

आमचा जिल्हा गडचिरोली, तेव्हाचा चंद्रपूर. मुंबई-दिल्लीच्या मोर्चांचं बोलून राहिले सारे, पण या सगळ्याची सुरुवात आमच्या गावच्या ठाण्यातून झाली हे किती जणांना ठाऊक हाय? देसाईगंज म्हणा नाही तर वडसा म्हणा.

२६ मार्च १९७२. आदिवासी पोरगी, चौदा ते सोळा वर्षांची, आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी. भावाने तक्रार दिली होती म्हणून तिला रात्री ठाण्यात बोलावलं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढलं अन् तिला थांबवलं. घरचे लोक बाहेर उभे. थोड्या वेळाने पाहतात तं आत दिवे मालवलेले, दार आतून बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. हे सगळं निकालपत्रातच हाय, मी पदरचं काही घालत नाही.

आता गंमत बघा. ठाण्याबाहेर गर्दी जमली, चौकी जाळून टाकू म्हणाली, तेव्हा कुठे वरचा जमादार आला अन् दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा तिचा जबाब लिहिला गेला. ना पक्ष, ना झेंडा. गावातली माणसं, अंधारात उभी. कर्जत_फास्ट म्हणतात तेच, बावन्न वर्षं आधी.

१९७४ ला सत्र न्यायालयाने दोन्ही पोलीस सोडले. १९७६ ला नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने परत सोडले. काहून? तं अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती असंल. बंद ठाण्यात, दोन पोलिसांसमोर, तिने ओरडायला पाहिजे होतं म्हणे.

---

अॅडमिन

वरील प्रतिसादातून पीडितेचं नाव काढलं आहे. ते नाव अनेक पुस्तकांत छापलेलं आहे याची कल्पना आहे, तरी या संकेतस्थळावर ते लिहू नये. बदलापूर प्रकरणातील मुलींची किंवा पालकांची ओळख पटेल असा कोणताही तपशील आढळल्यास संपूर्ण प्रतिसाद उडवला जाईल.

---

काळा कोट

अॅडमिननी योग्य केलं. त्या खटल्याचं अधिकृत नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, म्हणजे आरोपी पोलिसाच्या नावावर. पण कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी तो तिच्याच नावाने पाठ करतो. पीडितेचं नाव छापायला बंदी करणारं २२८अ कलम आलं १९८३ ला, आणि आलं ते तिच्याच प्रकरणामुळे. तिला मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

---

मावशी_दादर

वडसावाल्यांनी इथवर आणलंच आहे तर पुढचं मी सांगते. मी तेव्हा कॉलेजात होते.

निकाल १९७८ चा, पण बाहेर कुणाला पत्ता नव्हता. वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार. त्यांचं म्हणणं होतं की मुकाट्याने सोसणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालयाला असं कुणी जाहीरपणे सुनावायचं तेव्हा ऐकिवातही नव्हतं. त्या पत्राच्या सायक्लोस्टाइल प्रती हातोहात फिरल्या. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला, आणि ८ मार्च १९८० ला मुंबई-दिल्लीसह अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या.

आता हे नीट ऐका. आम्हीही घोषणा देत होतो, पण पत्रकावर मागण्या लिहिलेल्या होत्या आणि त्यांत फाशी नव्हती. खटला पुन्हा उघडा. कोठडीत झालेल्या बलात्कारात संमती होती हे पोलिसाने सिद्ध करावं, बाईने नव्हे. तिच्या आधीच्या आयुष्याबद्दल वकिलाने एक शब्द विचारता कामा नये. एकेका वाक्यासाठी कुणाच्या तरी माळ्यावर, पंखा नसलेल्या खोलीत, रात्री उशिरापर्यंत वाद घातले आहेत. बायकाच बायकांशी भांडत होत्या. ‘सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर टाकली तर उद्या हेच कलम गरिबावर उलटेल’ असं म्हणणाऱ्याही होत्या, आणि त्यांचंही आम्ही ऐकलं.

खटला उघडला नाही. ते दोघे सुटले ते सुटलेच. पण १९८३ ला पुरावा कायद्यात ११४अ आलं (कोठडीतल्या बलात्कारात बाई ‘संमती नव्हती’ म्हणाली तर न्यायालयाने तसंच धरायचं), कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षं शिक्षा आली, बंद दाराआड सुनावणी आली. पूर्वायुष्याबद्दल विचारायची मुभा देणारं कलम जायला मात्र आणखी जवळपास वीस वर्षं लागली.

स्पष्टवक्ते, तुमचा राग मला कळतो. पण फाशीला आमचा विरोध मवाळपणातून नव्हता. गुन्हेगार बहुतेक वेळा ओळखीचा असतो. काका असतो, शेजारी असतो, मास्तर असतो. तक्रार केली तर तो फासावर जाणार हे कळलं की घरातलेच लोक मुलीचं तोंड दाबतात. वर्मा समितीनेही फाशीची शिफारस केली नव्हती. सरकारने ती नंतर अध्यादेशात घातली, कारण घोषणा तीच ऐकू आली होती.

---

कर्जत_फास्ट

मावशी, दंडवत. त्या पत्रकाची प्रत आहे का कुठे?

---

मावशी_दादर

माझ्याकडची पुरात गेली. २६ जुलैच्या.

---

निळी_शाई

सगळं पटतंय, पण एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. गर्दी कुणासाठी जमते?

खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. आई आणि मुलीसह एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावाने मारलं. महिनाभर मोठ्या वर्तमानपत्रांना ती बातमी वाटली नाही. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर आले तर नागपूर-अमरावतीत लाठ्या चालल्या, संचारबंदी लागली. खटला चालला, पण अॅट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही, लैंगिक अत्याचाराचंही नाही.

कोपर्डी, जुलै २०१६. मराठा समाजातल्या मुलीवर बलात्कार करून खून. तितकीच भयानक घटना, त्या मुलीबद्दल माझ्या मनात शंका नाही. लाखोंचे मूक मोर्चे निघाले, पुढे मुली, मागे कचरा उचलणारे स्वयंसेवक, पोलीस रस्ता मोकळा करून देताहेत. २९ नोव्हेंबर २०१७ ला तिघांना फाशी. पण त्याच मोर्चांच्या निवेदनात अॅट्रॉसिटी कायद्यात बदल आणि आरक्षण या मागण्या होत्या. उल्हासकाठ, ‘मागणी वाटेत बदलते कशी’ असं तुम्ही विचारलंत. त्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण हेच.

---

स्पष्टवक्ता

आली जात. वाटच बघत होतो.

---

निळी_शाई

मी आणली नाही. आरोपीची आणि पीडितेची जात कळल्यावर कुठल्या गावात बंद पाळायचा हे ठरतं, ते मी फक्त लिहिलं.

---

उल्हासकाठ

या मुद्द्यावर मी निळी_शाईच्या बाजूने आहे. बदलापुरात सगळे एकत्र आले ते छान वाटलं, पण शहरातली, मोठ्या संस्थेची शाळा होती हेही त्यात आहेच. आश्रमशाळांमध्ये काय काय होतं त्याच्या चार ओळी आतल्या पानावर येतात आणि संपतं. तिथे रूळ नाहीत अडवायला.

---

रात्रपाळी

सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे. बदलापूरच्या आधी दहा-बारा दिवस कोलकात्याचं आर. जी. कर प्रकरण झालं होतं, रुग्णालयातच डॉक्टर तरुणीवर बलात्कार आणि खून. आम्ही मार्डतर्फे (निवासी डॉक्टरांची संघटना) संपावर होतो. मागण्यांच्या यादीत काय होतं माहितेय? ड्यूटी रूमला आतून लागणारी कडी. वॉर्डापासून तिथपर्यंतच्या पॅसेजमध्ये दिवा. रात्री एकटीला रक्ताच्या बाटल्या आणायला दुसऱ्या इमारतीत पाठवू नका. टीव्हीवाल्याने माइक पुढे केला आणि विचारलं, ‘आरोपीला काय शिक्षा व्हावी?’ कडीबद्दल बोलले ते दाखवलंच नाही.

अजून एक, थोडं अवांतर. टू-फिंगर टेस्ट (तक्रारदार बाईची दोन बोटांनी केली जाणारी तपासणी) बंद व्हावी म्हणून सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अहवाल लिहिला, नागपूर खंडपीठापर्यंत ते प्रकरण गेलं. ना मोर्चा, ना मेणबत्त्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ ला ती चाचणी चुकीची ठरवली आणि २०२२ ला पुन्हा बजावावं लागलं. तक्रारदार बाईची तपासणी आज आम्ही ज्या नमुन्यावर करतो त्यात ते रकाने नाहीत. अशा गोष्टींसाठी कुणी पेढे वाटत नाही, पण टेबलावर आलेल्या बाईला त्याने फरक पडतो.

---

पुणेरी_पगडीशिवाय

पुण्याचं स्वारगेट विसरू नका. २५ फेब्रुवारी २०२५, पहाटे, आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर बलात्कार. कार्यकर्त्यांनी सुरक्षारक्षकांची केबिन फोडली, त्याचा व्हिडिओ दिवसभर फिरला. आगारांत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या भंगार बस हलवायचा आदेश मात्र निघाला. ती खरी कामाची गोष्ट. काचा फोडल्या नसत्या तरी निघाला असता की नाही, देव जाणे.

---

काळा कोट

बायका-मुलांवरच्या अत्याचारांसाठी राज्याने आणलेल्या ‘शक्ती’ कायद्याचंही तेच. डिसेंबर २०२१ ला विधिमंडळाने मंजूर केला, राष्ट्रपतींची मंजुरी काही आली नाही. प्रत्येक मोर्चात ‘शक्ती आणा’ म्हणतात. त्यातली जमेची बाजू तपासाच्या मुदतीची, पण लोकांच्या लक्षात फाशी. आणि मुदत घालून काय होतं? पॉक्सोतही दखल घेतल्यापासून शक्यतो वर्षात खटला संपवा असं लिहिलेलंच आहे. माझ्याकडे आत्ता एक प्रकरण आहे, तक्रारीच्या वेळी मुलगी तिसरीत होती, आता आठवीत आहे. परवा तिची उलटतपासणी पुन्हा पुढे गेली, कारण सरकारी वकिलांची बदली झाली. तिची आई मला म्हणाली, ‘ती विसरायला लागलीय ते बरं म्हणू की वाईट?’ सांगा काय उत्तर देऊ.

---

खडू-फळा

प्राथमिक शिक्षिका, अनुदानित शाळा. जिल्हा सांगत नाही.

२०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. आमच्याकडे आहे. म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर फलक आहे. त्यावरच्या एक सदस्या निवृत्त झाल्या, एक पालक प्रतिनिधी ज्या मुलाच्या जोरावर होत्या तो दहावी होऊन बाहेर पडला. तक्रारपेटी जिन्याखाली, पाचवीच्या मुलीचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. किल्ली शिपायाकडे. बदलापूर झालं त्या आठवड्यात वरून फोन आला, ‘समितीची बैठक झाल्याचं इतिवृत्त संध्याकाळपर्यंत पाठवा.’ पाठवलं. मागच्या तारखेचं. सह्या आम्हीच घरोघरी फिरून आणल्या.

कॅमेऱ्यांचाही निर्णय आला. बसले. त्यांचं चित्र बघायचं कुणी हे निर्णयात नाही.

मुलींना ‘बरा स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवतो आम्ही, तेही चित्रं दाखवून. पण बालवाडीच्या मुलांना सांभाळायला एक जास्तीची सेविका द्या हे मागून मागून थकलो. पद मंजूर नाही.

मोर्चाला आलेल्या पालकांपैकी एकानेही नंतर येऊन समितीचं नाव काढलं नाही. पालक-शिक्षक सभेत विषय होता गॅदरिंगचा.

---

उल्हासकाठ

खडू-फळा, तुमच्या प्रतिसादासाठीच हा धागा काढला होता असं आता वाटतंय. मी आणि आमच्या इमारतीतल्या काही जणी मिळून गावातल्या सगळ्या शाळांकडून माहिती मागवायचं ठरवतोय : समितीत कोण कोण, शेवटची बैठक कधी, पेटी कुठे, ती कुणासमोर उघडतात, बालवाडीत सेविका किती. माहिती अधिकारात अर्ज थेट शाळेला करायचा का?

---

काळा कोट

अनुदानित असेल तर शाळेला करा. विनाअनुदानित बऱ्याचदा ‘आम्हाला लागू नाही’ म्हणून परत पाठवतात, तिथे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद यांच्या कार्यालयात करा. त्यांच्याकडे जी माहिती असायला हवी ती त्यांनीच द्यायची. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. प्रश्न विचारू नका, कागद मागा : ‘इतिवृत्ताची साक्षांकित प्रत’. ‘का’ने सुरू होणाऱ्या अर्जाला उत्तर येत नाही.

---

खडू-फळा

आणि इतिवृत्तासोबत हजेरीपट मागा. इतिवृत्त मागच्या तारखेचं करता येतं. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती का, सदस्य शिक्षिका रजेवर होत्या का, ते हजेरीपटात दिसतं.

---

स्पष्टवक्ता

अर्जाचा नमुना इथे टाका. अंबरनाथला माझी भाची शिकते त्या शाळेत मी लावतो.

---

उल्हासकाठ

रविवारी टाकते. काळा कोट, आधी एकदा नजर घालाल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.